प्रिमोर्ये : मुलूख आणि माणसे

रशियाचा नकाशा समोर ठेवून मॉस्कोपासून पूर्वेकडे बोट सरकवीत नेले, तर आगगाडीच्या रुळांवरून 9,288 किलोमीटर अंतर कापल्यावर जमीन संपते आणि जपानचा समुद्र लागतो. जेथे हे रूळ थांबतात त्या व्लादिवोस्तोक शहरातील घड्याळ मॉस्कोच्या घड्याळापेक्षा सात तास पुढे असते. या शहराच्या भोवतालच्या प्रदेशाला रशियन भाषेत ‘प्रिमोर्ये’, म्हणजे समुद्रालगतचा मुलूख, असे साधे नाव आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे 1,65,000 चौरस किलोमीटर. महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडे अधिक. लोकवस्ती मात्र 2021 च्या शिरगणतीप्रमाणे साडेअठरा लाखांच्या आतच भरली, आणि त्यांतील जवळजवळ एक-तृतीयांश माणसे एकट्या व्लादिवोस्तोक शहरात राहतात. पश्चिमेला चीनशी सुमारे हजार किलोमीटरची सरहद्द आणि नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात, तुमेन नदीच्या मुखाशी, उत्तर कोरियाशी अवघी सतरा किलोमीटरची. एवढ्या मोक्याच्या जागी एवढी विरळ वस्ती का, हा प्रश्न या प्रदेशाच्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांच्या राजकारणाच्या मुळाशी आहे.

अतिपूर्वेकडील रशिया म्हटला की बारमाही बर्फ डोळ्यांपुढे येतो. प्रिमोर्येच्या बाबतीत हे चित्र अर्धेच खरे आहे. व्लादिवोस्तोक 43 अक्षांशांवर, म्हणजे काळ्या समुद्राकाठच्या सोची या उबदार आरोग्यस्थानाच्याच पातळीवर वसलेले आहे. तरीही जानेवारीतील तेथील सरासरी तपमान शून्याखाली बारा अंश असते. याचे कारण वारे. हिवाळ्यात आशिया खंडाच्या पोटातून कोरडा, बोचरा वारा समुद्राकडे वाहतो. उन्हाळ्यात तोच क्रम उलटतो आणि समुद्रावरून धुके व पाऊस घेऊन वारा जमिनीवर चढतो. मोसमी वारे ही जणू आपलीच मिरास आहे असे आपण समजतो. पण त्यांचा एक थंड भाऊबंद येथेही राज्य करतो. जुलै-ऑगस्टमध्ये कित्येकदा तुफानांचे शेपूट या किनाऱ्यावर आपटते आणि नद्यांना महापूर येतात.

किनाऱ्याला समांतर अशी सिखोते-आलिन नावाची डोंगररांग उत्तर-दक्षिण पसरलेली आहे. तिची शिखरे या भागात दोन हजार मीटरपर्यंतही पोचत नाहीत. सह्याद्रीप्रमाणे तिचाही समुद्राकडील उतार तोकडा; तिकडे उतरणाऱ्या नद्या आखूड आणि खळाळत्या. पश्चिमेकडे वाहणाऱ्या नद्या उसुरीला मिळतात, आणि उसुरी उत्तरेला जाऊन आमूर या महानदीत विलीन होते. नैर्ऋत्येस सुमारे चार हजार चौरस किलोमीटरचे खांका सरोवर आहे. विस्ताराने प्रचंड, पण खोली सरासरी चार-पाच मीटरच. त्याचा उत्तरेकडील काही भाग चीनकडे आहे. हिवाळ्यात ज्याच्यावर जाड बर्फ गोठते त्याच पाण्यावर भर उन्हाळ्यात कमळे फुलतात. अरण्यातही असाच अनपेक्षित शेजार आढळतो. सूचिपर्णी वृक्षांच्या अंगावर रानद्राक्षांचे वेल चढलेले असतात. बर्फाळ प्रदेशातील सेबल आणि उष्ण प्रदेशाचा म्हणून आपण ओळखतो तो पट्टेरी वाघ एकाच रानात वावरतात.

रशियन येण्यापूर्वी ही भूमी निर्जन होती, असा समज बराच काळ पसरविण्यात आला. तो खरा नव्हे. बोहाय राज्य 698 ते 926 पर्यंत येथे नांदले. पुढे जुरचेन लोकांचे किन साम्राज्य 1115 मध्ये उदयास आले आणि 1234 मध्ये मंगोलांच्या आघाताने कोसळले. त्यांच्या तटबंद्यांचे अवशेष आजही सापडतात. त्यानंतर वस्ती विरळ झाली हे खरे. पण उदेगे, नानाय यांसारखे शिकारी व मच्छीमार लोक नदीकाठांनी राहत होते, आणि जिनसेंगच्या मुळ्या, हरणांची कोवळी शिंगे आणि समुद्रकाकड्या गोळा करणारे चिनी लोक दरसाल येत होते. व्लादिवोस्तोकच्या जागेचे जुने चिनी नाव ‘हाय-शेन-वाय’. त्यातील ‘हाय-शेन’ म्हणजे समुद्रकाकडीच.

रशिया व चीन यांच्यात 1689 मध्ये नेर्चिन्स्क येथे तह झाला आणि रशियाला आमूर नदीवरून मागे सरावे लागले. पुढची दीडशे वर्षे सरहद्द शांत राहिली. मग अफूच्या युद्धांनी मांचू राजवट खिळखिळी झाली आणि पूर्व सैबेरियाचा गव्हर्नर-जनरल निकोलाय मुराव्योव याने ती संधी साधली. 1858 च्या आयगुन तहाने आमूरचा डावा तीर रशियाकडे गेला. उसुरी आणि समुद्र यांच्यामधील मुलूख मात्र पुढील निर्णय होईपर्यंत दोघांचा सामाईक ठरला. निर्णयासाठी फार थांबावे लागले नाही. 1860 मध्ये इंग्रज-फ्रेंच फौजा पेकिंगच्या दाराशी असताना रशियाचा तरुण वकील निकोलाय इग्नात्येव दोन्ही पक्षांमध्ये मध्यस्थ म्हणून वावरला आणि मध्यस्थीचे मोल म्हणून हा सारा मुलूख त्याने नोव्हेंबरमध्ये लिहून घेतला. एका लढाईवाचून चीनचा जपानच्या समुद्राशी असलेला संबंध तुटला. तुमेन नदीवर चीनची हद्द आजही समुद्रापासून पंधरा-एक किलोमीटर आधी संपते. गंमत अशी की, तहावर सह्या होण्याच्या चार महिने आधी, जुलै 1860 मध्येच, ‘मांझूर’ नावाच्या जहाजातून उतरलेल्या तीस-एक सैनिकांनी खाडीकाठी झाडे तोडून छावणी उभारली होती आणि तिला ‘पूर्वेचे स्वामित्व’ सुचविणारे व्लादिवोस्तोक हे नाव मिळाले होते. तहात आणखी एक कलम होते : तेथे आधीपासून राहणाऱ्या चिनी प्रजेला तिच्या जागेवरून, मासेमारीच्या व शिकारीच्या ठिकाणांवरून हुसकावू नये. हे कलम पुढे कोणाच्या लक्षात राहिल्याचे दिसत नाही.

मुलूख मिळाला; माणसे कोठून आणावयाची? 1861 मध्ये झार सरकारने कायदा करून येथे वसणाऱ्या कुटुंबाला शंभर देस्यातिनांपर्यंत, म्हणजे सुमारे 109 हेक्टर, जमीन आणि वीस वर्षे करमाफी देऊ केली. भूदासत्वातून त्याच वर्षी सुटलेल्या रशियन शेतकऱ्याच्या दृष्टीने ही जहागीरच होती. परंतु युरोपीय रशियातून बैलगाड्यांनी, तराफ्यांनी येथे पोचण्यास दोन-दोन, तीन-तीन वर्षे लागत. अखेरीस 1882 मध्ये सरकारने ठरविले की, दरसाल अडीचशे कुटुंबे सरकारी खर्चाने समुद्रमार्गे न्यावीत. 1883 च्या वसंत ऋतूत ओदेसाहून पहिल्या आगबोटी निघाल्या. सुएझ कालव्यातून, हिंदी महासागर ओलांडून, सिंगापूरला वळसा घालून त्या व्लादिवोस्तोकला लागल्या. युक्रेनच्या चेर्निगोव प्रांतातील ज्या शेतकऱ्याने कधी समुद्र पाहिला नव्हता, त्याने बी-बियाणे व नांगराचे फाळ घेऊन विषुववृत्ताजवळून प्रवास केला, तो गव्हाची शेती करण्यासाठी! हे लोक इतक्या संख्येने आले की, त्या सुपीक पट्ट्याला युक्रेनी भाषेत ‘हिरवी पाचर’ असे नाव पडले.

रेल्वेच्या आरंभाचा मुंबईशीही थोडासा संबंध येतो. युवराज निकोलाय, पुढचा झार दुसरा निकोलाय, पूर्वेच्या सफरीवर निघाला तेव्हा डिसेंबर 1890 मध्ये मुंबईस उतरून त्याने हिंदुस्थान पाहिला. पुढे जपानात ओत्सु येथे एका शिपायाने त्याच्यावर तलवारीचा वार केला. त्यातून बचावून तो मे 1891 मध्ये व्लादिवोस्तोकला पोचला आणि तेथे त्याने सैबेरियन रेल्वेच्या पूर्व टोकाच्या कामाचा शुभारंभ केला. व्लादिवोस्तोक-खबारोव्स्क हा फाटा 1897 मध्ये पुरा झाला. संपूर्ण रशियन भूमीवरून जाणारा अखंड मार्ग मात्र आमूरवरील पुलानंतर, 1916 मध्ये. 1897 च्या शिरगणतीत व्लादिवोस्तोकची वस्ती 29 हजारांच्या आसपास होती, आणि तीत चिनी, कोरियन, जपानी लोकांचे प्रमाण फार मोठे होते.

यांतील कोरियन लोकांची कथा निराळी आहे. त्यांना कोणी बोलावले नव्हते. 1863-64 च्या सुमारास मूठभर कुटुंबे तुमेन नदी ओलांडून गुपचूप आली. 1869 च्या दुष्काळानंतर तर रीघच लागली. आगबोटीचे भाडे नाही, करमाफीचे आमिष नाही. पण सरहद्दीवरच्या रशियन अधिकाऱ्यांना हे कष्टाळू शेतकरी हवेच होते, कारण सैन्याला धान्य पुरविणारे दुसरे कोणी जवळ नव्हते. पोस्येतच्या भागात ते बहुसंख्य झाले. खांका सरोवराच्या काठी भातशेती रुजविली ती त्यांनीच. क्रांतीनंतर त्यांच्या शाळा, वृत्तपत्र आणि व्लादिवोस्तोकला त्यांची स्वतंत्र अध्यापनसंस्थाही निघाली.

क्रांती येथे उशिरा पोचली. 1918 पासून जपानी, अमेरिकन, ब्रिटिश आदी परकीय फौजा व्लादिवोस्तोकमध्ये तळ देऊन होत्या. जपानी सर्वांत शेवटी हलले, आणि 25 ऑक्टोबर 1922 रोजी लाल सेना शहरात शिरली. त्यानंतर दहा वर्षांतच जपानने मांचुरिया घेतला. सरहद्दीपलीकडे जपानी सैन्य आल्याबरोबर मॉस्कोच्या नजरेत प्रिमोर्येतील प्रत्येक आशियाई चेहरा संशयित ठरला. 1936 मध्ये व्लादिवोस्तोकचा ‘मिल्योन्का’ हा गजबजलेला चिनी मोहल्ला रिकामा करण्यात आला. 21 ऑगस्ट 1937 रोजी मोलोतोव व स्टालिन यांच्या सहीने हुकूम सुटला, आणि शरद ऋतू संपण्याच्या आत 1,71,000 हून अधिक कोरियन माणसे, म्हणजे रशियाच्या अतिपूर्वेतील बहुतेक सगळी कोरियन वस्ती, आगगाड्यांत भरून कझाकस्तान व उझबेकिस्तानात पाठविण्यात आली. कारण देण्यात आले ते जपानी हेरगिरी रोखण्याचे. ज्या जपानने त्यांचा मायदेश गिळला होता, त्याचे हेर म्हणून या लोकांची गणना व्हावी, हा आरोप उघड उघड विपरीत होता. पिके शेतात उभी होती. अध्यापनसंस्था आणि वृत्तपत्र यांचीही उचलबांगडी कझाकस्तानातील किझिल-ओर्डा गावी झाली.

त्याच 1937 च्या फेब्रुवारीत वालेन्तिना खेतागुरोवा या लष्करी अधिकाऱ्याच्या पत्नीचे एक आवाहन मॉस्कोच्या वृत्तपत्रात झळकले होते : तरुण मुलींनो, अतिपूर्वेकडे या, तेथे माणसांची गरज आहे. हजारो मुली खरोखरच गेल्या. एका हाताने आवतण आणि दुसऱ्या हाताने हद्दपारी, असे हे एकाच वर्षातले चित्र आहे. पुढील वर्षी खासान सरोवरापाशी जपानी व सोव्हिएत फौजांची चकमक झडली, ऑक्टोबरमध्ये ‘प्रिमोर्स्की क्राय’ हा प्रांत स्वतंत्रपणे अस्तित्वात आला, आणि डिसेंबरमध्ये व्लादिवोस्तोकजवळच्या कैद्यांच्या छावणीत कवी ओसिप मांदेलश्ताम मरण पावला. कोलिमाच्या सोन्याच्या खाणींकडे जाणाऱ्या असंख्य कैद्यांनी रशियाचे हे पूर्वद्वार याच वाटेने पाहिले.

एवढा खटाटोप ज्या भूमीसाठी झाला तिच्यात आहे तरी काय? प्रदेशाचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग वनांनी व्यापलेला आहे. येथील कोरियन पाइनच्या बिया चिलगोज्यांप्रमाणे खाल्ल्या जातात. रानडुकरे त्यांच्यावर पोसतात आणि वाघ रानडुकरांवर. त्यामुळे पाइन तोडला की वाघ उपाशी, असे सरळ गणित आहे. शिकारीमुळे 1940 च्या सुमारास वाघांची संख्या वीस-तीसवर आली होती. ती मोजणाऱ्या लेव काप्लानोव या निसर्गशास्त्रज्ञाला 1943 मध्ये चोरट्या शिकाऱ्यांनी ठार मारले. 1947 मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली आणि 2015 च्या गणनेत रशियाच्या अतिपूर्वेत पाचशेहून अधिक वाघ आढळले. बिकिन नदीच्या खोऱ्यात 2015 मध्येच राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. तेथे उदेगे लोकांना शिकारीचे व मासेमारीचे परंपरागत हक्क आहेत. सगळ्या रशियात मिळून उदेगे दीड हजारांच्या आसपासच उरले आहेत. या अरण्याची जगाला ओळख करून दिली ती व्लादिमीर आर्सेन्येव या लष्करी मोजणीदाराने. त्याचा वाटाड्या देर्सू उझाला हा नानाय शिकारी 1908 मध्ये खबारोव्स्कजवळ मारला गेला; त्याच्यावरील पुस्तकाने आणि 1975 च्या कुरोसावाच्या चित्रपटाने तो अजरामर झाला. नकाशे तयार करणाऱ्या साम्राज्याच्या अधिकाऱ्याला वाट दाखविणारा माणूस स्वतः त्या नकाशात कोठेच नव्हता.

डोंगरांच्या पोटात शिसे, जस्त, कथील, टंगस्टन आणि बोरॉन आहे. शिशा-जस्ताची तेत्युखे येथील खाण ज्यूल्स ब्रिनर या स्विस व्यापाऱ्याने नावारूपास आणली; हॉलिवुडचा नट यूल ब्रिनर हा त्याचाच नातू, 1920 मध्ये व्लादिवोस्तोकला जन्मलेला. सुचानचा कोळसा झारच्या आरमाराला पुरविला जाई. आता मोठी उघडी खाण लुचेगोर्स्कला असून तिच्या कोळशावर औष्णिक वीजकेंद्र चालते. पण या प्रदेशाची खरी शेती समुद्रात आहे : पोलॉक, हेरिंग, सॅमन, खेकडे, माकूल. त्याहूनही मोठी संपत्ती म्हणजे बंदरे. नाखोद्का, वोस्तोच्नी, आणि सैबेरियाचे तेल 2009 च्या डिसेंबरपासून ज्या ठिकाणी जहाजांत भरले जाऊ लागले ते कोझ्मिनो, यांचा व्यापार मुख्यतः दुसरीकडून आलेल्या मालावर चालतो. माल हजारो किलोमीटरवरून येतो आणि पुढे जातो. मधल्या मुलखात त्यातले किती मुरते, हा तेथील लोकांचा जुना सवाल आहे.

मार्च 1969 मध्ये उसुरीतील दामान्स्की या चिमुकल्या बेटावरून सोव्हिएत आणि चिनी सैनिक एकमेकांवर तुटून पडले. दोन साम्यवादी देशांच्या युद्धाची भीती जगाला पडली. तीन वर्षांनी, 1972 च्या अखेरीस, प्रिमोर्येतील चिनी वळणाची गावांची व नद्यांची नावे एका फटक्यात बदलण्यात आली. सुचानचे पार्तिझान्स्क झाले, तेत्युखेचे दाल्नेगोर्स्क, इमानचे दाल्नेरेचेन्स्क. सुइफुन नदी राझ्दोल्नाया झाली. माणसे आधीच गेली होती, आता त्यांची नावेही गेली. दामान्स्की बेट मात्र 1991 च्या सीमाकरारानंतर शांतपणे चीनला मिळाले. तिकडे चीनच्या सरकारने 2023 मध्ये नकाशांसाठी जे नियम काढले, त्यांत व्लादिवोस्तोकपुढे कंसात ‘हाय-शेन-वाय’ लिहिण्याचे सांगितले आहे.

शीतयुद्धाच्या काळात पॅसिफिक आरमाराचे ठाणे म्हणून व्लादिवोस्तोक परकीयांना बंद होते. जपानकडे जाणाऱ्या प्रवाशाला नाखोद्काहून बोट धरावी लागे. 1 जानेवारी 1992 रोजी शहर खुले झाले, आणि त्याच वर्षी भारताने तेथे आपली वकिलात उघडली. दार उघडले तेव्हा आत येणाऱ्यांपेक्षा बाहेर पडणारेच अधिक निघाले. सोव्हिएत राजवटीने वाढीव पगार, स्वस्त प्रवास आणि हुकूम या तीन दोरांनी माणसे येथे बांधून ठेवली होती; ते दोर तुटले. 1989 मध्ये साडेबावीस लाख असलेली लोकसंख्या 2002 मध्ये 20.7 लाख आणि 2010 मध्ये साडेएकोणीस लाखांवर आली. कारखाने बंद पडले तेव्हा कित्येक कुटुंबांना तारले ते जपानहून येणाऱ्या जुन्या मोटारींच्या व्यापाराने. त्या मोटारींचे सुकाणू आपल्याकडच्याप्रमाणे उजव्या बाजूस, आणि रस्त्याचा नियमही उजव्या बाजूने चालण्याचा. तरी व्लादिवोस्तोककर मोठ्या सफाईने त्या हाकतात. 2008 च्या डिसेंबरात सरकारने या मोटारींवरील जकात वाढविताच लोक रस्त्यावर उतरले होते.

मॉस्कोने पुढे हात सैल सोडला. 2012 च्या शिखर परिषदेसाठी रूस्की बेटावर 1,104 मीटरच्या गाळ्याचा पूल उभा राहिला. 2018 मध्ये अतिपूर्व विभागाची राजधानी खबारोव्स्कहून व्लादिवोस्तोकला आली. 2019 मध्ये चेन्नई ते व्लादिवोस्तोक अशा सुमारे 5,600 सागरी मैलांच्या जलमार्गाचा संकल्प भारत व रशिया यांनी केला. जून 2023 पासून चीनच्या जीलिन प्रांताचा माल व्लादिवोस्तोकमार्गे दक्षिण चीनच्या बंदरांत देशांतर्गत माल म्हणून जाऊ लागला. आणि माणसांसाठी 2016 मध्ये पुन्हा एकदा फुकट जमिनीचा कायदा झाला. 1861 मध्ये कुटुंबामागे 109 हेक्टर देऊ केले होते. या वेळी माणशी एक हेक्टर.

सरहद्दीपलीकडून चिनी लोंढा येईल, ही रशियन वृत्तपत्रांतली जुनी भीती आहे. आकडे वेगळे बोलतात. शेजारच्या हेइलुंगजियांग प्रांताची वस्ती 2010 मध्ये 3 कोटी 83 लाख होती. 2020 मध्ये ती 3 कोटी 18 लाखांवर घसरली. तेथील तरुणही दक्षिणेच्या मोठ्या शहरांकडे निघाले आहेत. उसुरीच्या दोन्ही तीरांवर गावे सारखीच ओस पडत आहेत.

याच काळात एक लहानसा प्रवाह उलट दिशेने वाहिला. सोव्हिएत संघ मोडल्यावर उझबेकिस्तान व आसपासच्या प्रजासत्ताकांतून काही कोरियन कुटुंबे, 1937 मध्ये हाकललेल्यांची मुले आणि नातवंडे, प्रिमोर्येत परतली. एप्रिल 1993 मध्ये रशियाच्या संसदेने ती हद्दपारी बेकायदा असल्याचे मान्य केले होते. त्यांतील काहींना राहावयास जागा मिळाली ती सैन्याने सोडून दिलेल्या ओसाड वसाहतींत. परतलेल्यांपैकी बहुतेकांना आजोबांची भाषा येत नव्हती. ते रशियन बोलत होते. उसुरीस्क शहराच्या परिसरात त्यांनी भाजीपाल्याचे वाफे केले, आणि बाजारात तिखट मिठाने मुरवलेली कोबी व गाजरे विकावयास बसले.